फुकट फोन कुणाचा? ज्याला लावता येतो त्याचा!



आपल्या वस्त्यांतून आज कितीतरी माणसे पोटापाण्यासाठी परदेशी गेलेली आहेत. कुणाचा मुलगा दुबईला वायरमन आहे, कुणाचा भाऊ मस्कतला वेल्डर आहे, कुणाची मुलगी कुवेतच्या इस्पितळात नर्स आहे, तर कुणाचा जावई बोटीवर. घर इथे आणि कमावता हात तिथे, असा हा संसार. आधी तो पत्रांवर चालला, मग फोनवर चालू लागला.

१९९०च्या दशकातले दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी-पीसीओ आठवत असतील. काचेच्या खोक्यात उभे राहून बोलायचे आणि डोळे मात्र समोरच्या पळत्या आकड्यांवर ठेवायचे. काही मिनिटांच्या बोलण्यात दिवसाची मजुरी जाई. म्हणून ज्याला चार गोष्टी सांगायच्या असत, तो एकच सांगून फोन ठेवी. मायलेकरांचे सुखदुःखही मीटरवर मोजले जाई.

आज ते मीटर गेले. इंटरनेटवरून, म्हणजे आपण ज्याला नुसते 'नेट' म्हणतो त्यावरून, मुंबईतून मस्कतला तासभर बोलले तरी वेगळे बिल येत नाही. ही फार मोठी गोष्ट घडली आहे. तरीही आमच्या पाहण्यात अशी कितीतरी घरे आहेत, जिथे आईला मुलाशी बोलायचे तर शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. सुनेला नवऱ्याशी बोलायचे तर दिराच्या हातातला फोन रिकामा होण्याची वाट पाहावी लागते. फोन फुकट झाला, पण त्याची किल्ली घरातल्या एकाच्याच खिशात राहिली. मग तो फुकट कुणाचा? ज्याला स्वतः लावता येतो त्याचा! म्हणून या वेळी आम्ही या फोनची सगळी कुंडली मांडणार आहोत. ती घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचावी, अशी आमची विनंती आहे.

महाग का होता, स्वस्त कसा झाला?

जुन्या पद्धतीत परदेशी फोन लावला की इथपासून तिथपर्यंत एक अख्खी वाट तुमच्यासाठी राखून ठेवली जाई. तुम्ही बोला की गप्प बसा, वाट अडलेलीच. दोन माणसांसाठी अख्खी एसटी ठरवावी, तसा हा प्रकार होता. शिवाय वाटेकरी तीन: इथली फोन कंपनी, समुद्रापलीकडे नेणारी कंपनी आणि तिथली कंपनी. आपल्या देशात परदेशी फोन वाहून नेण्याचा मक्ता विदेश संचार निगमाकडे होता. हा मक्ता मार्च २००२ अखेर संपला. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यालाही आपल्या सरकारने परवानगी दिली. सुरुवातीला अटी होत्या. संगणकावरून संगणकावर बोलता येई, इथल्या संगणकावरून परदेशातल्या फोनवरही बोलता येई. देशातल्या देशात संगणकावरून साध्या फोनवर बोलायला मात्र मनाई होती.

नेटवरून बोलण्याची युक्ती त्याहून जुनी आहे. फेब्रुवारी १९९५ मध्ये इस्राएलच्या व्होकलटेक या कंपनीने 'इंटरनेट फोन' नावाचा प्रोग्राम बाजारात आणला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. ऑगस्ट २००३ मध्ये स्काइप आले आणि कित्येक वर्षे परदेशी बोलणे म्हणजे स्काइप, असे समीकरण झाले. ते स्काइप ५ मे २०२५ रोजी कायमचे बंद झाले. मधल्या काळात मोबाइल हातोहाती पोचला. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१५ मध्ये बोलण्याची आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये चेहरा पाहून बोलण्याची सोय झाली. आज आपल्या घराघरांत जो 'व्हिडिओ कॉल' लागतो, तो हा.

एक आकडा मुद्दाम देतो. परदेशातून आलेला साधा फोन आपल्या मोबाइलवर पोचवण्यासाठी इथल्या कंपनीने किती पैसे घ्यावेत, हे दूरसंचार नियामक प्राधिकरण ठरवते. १ फेब्रुवारी २०१८ पासून हा दर मिनिटाला ५३ पैशांवरून ३० पैशांवर आणला गेला. पुढे तो बदलला, पण शेवटच्या टप्प्याचा खर्च किती थोडा असतो, हे यावरून कळते. तेव्हा परदेशातल्या आपल्या माणसाकडून कुणी मिनिटामागे भरमसाट पैसे मागत असेल, तर दुसरा पर्याय शोधायला हवा.

आवाजाचे तुकडे आणि समुद्राखालच्या तारा

नेटवरचा फोन अख्खी वाट अडवत नाही. तुम्ही 'हॅलो' म्हटले की तुमच्या आवाजाचे बारीक तुकडे होतात. एका सेकंदाच्या बोलण्याचे साधारण पन्नास. प्रत्येक तुकड्यावर कुठे जायचे त्याचा पत्ता आणि क्रमांक असतो. एकाच टपालाच्या पिशवीतून हजार घरांची पत्रे जावीत, तसे हे तुकडे इतरांच्या फोटोंबरोबर, निरोपांबरोबर, सिनेमांबरोबर एकाच तारेतून जातात. पलीकडचा मोबाइल त्यांना क्रमाने लावतो आणि तुमचा आवाज पुन्हा उभा करतो. वाट सर्वांची मिळून एकच, म्हणून खर्चही वाटला जातो. स्वस्ताईचे खरे कारण हे.

हे सारे उपग्रहावरून जाते असा अनेकांचा समज आहे. पण बहुतेक बोलणे जाते ते समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलांतून. आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा अनेक केबल जमिनीवर येतात. पुढे अरबी समुद्र, आखात, तांबडा समुद्र, इजिप्त आणि युरोप अशी त्यांची वाट. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या, तेव्हा भारतातले आणि आखातातले नेट मंदावले. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या, तेव्हाही तसेच झाले. म्हणून एखाद्या दिवशी फोन लागला नाही की लगेच 'काही बरेवाईट तर नाही ना?' म्हणून जीव टांगणीला लावू नये. दुसऱ्या वाटेने निरोप पाठवावा. ही दुसरी वाट कोणती, ते पुढे येईलच.

बोलताना शब्द गिळल्यासारखे का होतात? जो तुकडा उशिरा पोचतो तो मोबाइल टाकून देतो. वाट पाहत बसला तर बोलणेच थांबेल. आवाज पोचायला सेकंदाच्या सातव्या हिश्श्याहून जास्त वेळ लागू लागला की दोघे एकमेकांच्या वाक्यात शिरू लागतात. यावर उपाय साधे आहेत. समोरच्याचे वाक्य पुरते होऊ द्यावे, मग बोलावे. आवाज तुटत असेल तर चित्र बंद करून नुसते बोलावे. घरात जिथे टॉवर नीट पकडतो त्या खिडकीशी बसावे. इअरफोन लावला तर आपलाच आवाज परत ऐकू येत नाही, आणि घरातले बोलणे गल्लीला ऐकू जात नाही, हा वेगळा फायदा!

तीन वाटा ओळखून ठेवा

नेटवरून बोलायचे म्हणजे एकच प्रकार नव्हे. परदेशी बोलण्याच्या एकूण तीन वाटा आहेत. त्यांतला फरक कळला नाही की पैसे जातात किंवा बोलणे अडते.

पहिली वाट अ‍ॅपवरून अ‍ॅपवर. दोन्हीकडे स्मार्टफोन, दोन्हीकडे नेट आणि दोन्हीकडे तेच अ‍ॅप. व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल, टेलिग्राम, गूगल मीट ही त्यातली नावे. इथे मिनिटाचा दर नाही. खर्च होतो तो फक्त नेटचा.

दुसरी वाट अ‍ॅपवरून साध्या फोनवर. गावी आजीकडे बटणांचा फोन आहे, नेट नाही. अशा वेळी परदेशातला नातू नेटवरून फोन लावतो आणि तो आजीच्या साध्या फोनवर वाजतो. आजीला काहीच शिकावे लागत नाही, आणि ती भारतात असल्यामुळे आलेल्या फोनचे पैसेही पडत नाहीत. व्हायबर आउट ही अशा सेवांपैकी एक. ही वाट फुकट नाही. आधी पैसे भरावे लागतात, पण बहुधा साध्या आयएसडीपेक्षा स्वस्त पडते. पैसे भरण्याआधी पाच गोष्टी पाहाव्यात: मोबाइलचा दर आणि घरच्या फोनचा दर वेगळा आहे का, फोन जोडल्याबद्दल वेगळे पैसे कापतात का, दहा सेकंद बोलले तर अख्खे मिनिट धरतात का, वर कर लागतो का, आणि न वापरलेले पैसे किती दिवसांनी बुडतात. पहिल्यांदा सर्वांत लहान रक्कम भरावी, चार फोन करून पाहावेत, मगच पुढे जावे.

तिसरी वाट साधा आयएसडी. महाग आहे, पण ती विसरू नये. नेट बंद पडले, अ‍ॅप अडले, डेटा संपला, तर हीच वाट उरते. आपल्या सिमवर आयएसडी सुरू आहे का आणि मिनिटाला किती पडते, हे कंपनीकडून आजच विचारून घ्यावे. अडचणीच्या रात्री विचारायला वेळ नसतो. आणखी एक ध्यानात ठेवा. पोलीस, आग किंवा अ‍ॅम्ब्युलन्ससाठीचा ११२ हा क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवरून लागत नाही. तो साध्या फोनवरूनच लावायचा असतो.

हिशेब मांडून पाहू

'फुकट' हा शब्द आम्ही जपून वापरतो. नेटचे रिचार्ज करावेच लागते. पण ते किती पुरते? नुसत्या आवाजाच्या फोनला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी डेटा लागतो. जास्तीत जास्त धरून चालू, मिनिटाला एक एमबी. एका जीबीत सुमारे हजार एमबी. म्हणजे हजार मिनिटे, म्हणजे सोळा तासांहून अधिक बोलणे! तेच चित्रासह बोलायचे झाले तर मिनिटाला पाच एमबी किंवा त्याहून जास्त जातात. हजार मिनिटांची दोनशे मिनिटे होतात, किंवा त्याहूनही कमी.

म्हणून ज्या घरात रिचार्ज बेताचे आहे, तिथे असा नेम करावा. रोजचे बोलणे आवाजावर. नातवाचे पहिले पाऊल, बहिणीची हळद, आजोबांची जखम दाखवायची असेल तेव्हा चित्र. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची सोय आहे, ती सुरू करून ठेवावी. आणि लक्षात घ्या, डेटा खातो तो बहुतेक वेळा फोन नव्हे. दिवसभर आपोआप उतरणारे व्हिडिओ आणि रिळे तो खातात. महिनाअखेर 'मुलाशी बोलून बोलून नेट संपले' असा आळ त्या बिचाऱ्या बोलण्यावर येतो, तो खरा नसतो.

तिकडच्या माणसाचाही हिशेब धरायला हवा. त्याला तिथले नेट महाग असू शकते. लेबर कॅम्पमध्ये वायफाय असेल तर त्याच वेळेत बोलावे. घड्याळही ध्यानात ठेवावे. दुबई आणि मस्कत आपल्या दीड तास मागे आहेत. सौदी, कतार, कुवेत आणि बहारीन अडीच तास मागे. आपण रात्री दहाला फोन लावला तर रियाधमध्ये तेव्हा साडेसात वाजलेले असतात, आणि तो कदाचित कामावरून येऊन भात टाकत असतो. आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा तिथे साडेतीन. त्याची झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी उंच परातीवर उभे राहायचे असते त्यालाच!

आखातात नियम निराळे

इथे अनेकांची फसगत होते. मुलगा दुबईला उतरतो, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेले येते-जाते, फोटो येतात, पण बोलणे काही लागत नाही. घरच्यांना वाटते, हा बोलायचे टाळतो. तसे नसते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपवरचे बोलणे अनेक वर्षे अडवून ठेवलेले आहे. तिथे दूरसंचार नियामकाने परवानगी दिलेल्या अ‍ॅपवरूनच बोलायचे असते. बोटिम आणि गोचॅट ही त्यातली आपल्या लोकांच्या ओळखीची नावे. त्यासाठी फोन कंपनीचे वेगळे पॅकेज लागते का, हे तिथल्या दुकानात विचारून घ्यावे. सौदी अरेबियाने नियम पाळणाऱ्या अ‍ॅपवरची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठवली. बाकीच्या देशांत आपापले नियम आहेत आणि ते बदलतही असतात. म्हणून जो जाणार, त्याने त्या देशात आधीपासून असलेल्या चार माणसांना विचारावे. जे अ‍ॅप तिथे चालते, तेच घरच्यांच्या फोनवर जाण्याआधी घालून ठेवावे.

'व्हीपीएन घाल, सगळे लागते' असा सल्ला देणारे मित्र पुष्कळ भेटतात. व्हीपीएन म्हणजे आपला नेटवरचा पत्ता झाकून दुसरा दाखवण्याची युक्ती. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यानुसार, गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी असा खोटा पत्ता वापरला तर कैद होऊ शकते, किंवा पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड, किंवा दोन्हीही. फुकट बोलण्यापायी एवढी जोखीम? कर्ज काढून विमानात बसलेल्या आपल्या पोराला ती परवडणारी नाही. आईने, बायकोने 'कसेही करून फोन कर' असा हट्ट धरू नये. परवानगीचे अ‍ॅप वापरावे, चार पैसे पडले तरी चालतील.

जाण्याआधीची एक संध्याकाळ

माणूस परदेशी निघतो तेव्हा आपण लाडू बांधतो, लोणचे भरतो, कपडे इस्त्री करतो. तशीच एक संध्याकाळ फोनसाठी काढावी. काय करायचे, ते सांगतो.

सगळे नंबर देशाच्या क्रमांकासह लिहावेत. आपला भारताचा ९१. अमिरातीचा ९७१, सौदीचा ९६६, कतारचा ९७४, ओमानचा ९६८, कुवेतचा ९६५ आणि बहारीनचा ९७३. त्याच्या आधी अधिकचे चिन्ह. परदेशात गेल्यावर नुसता दहा आकडी नंबर चालत नाही, आणि 'आईचा नंबर सापडत नाही' अशी वेळ येते.

भारतातले सिम फेकू नये, कुणाला देऊ नये आणि बंद पडू देऊ नये. बँकेचा ओटीपी त्यावर येतो. शिवाय २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने असा आदेश काढला, की व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप ज्या सिमवर नोंदली आहेत ते सिम त्या फोनमध्ये चालू असायला हवे. तेव्हा भारताच्या नंबरावर ज्यांचे व्हॉट्सअ‍ॅप आहे, त्यांनी दोन सिमचा फोन न्यावा आणि आपले सिम त्यातच ठेवून त्याचे किमान रिचार्ज चालू ठेवावे. घरच्यांनी इथून ते भरत राहावे.

एक साधी वही करावी. त्यात मुलाचा तिथला नंबर, त्याच्या खोलीतल्या दोन सोबत्यांचे नंबर, कंपनीचा पत्ता, पासपोर्टचा क्रमांक आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा फोन लिहावा. मोबाइल हरवतो, फुटतो, पाण्यात पडतो. वही टिकते. मुलगा आठ दिवस बोललाच नाही तर कुणाला विचारायचे, हे त्या वहीत असले पाहिजे. दूतावासाकडे ऑनलाइन तक्रार नोंदवण्यासाठी परराष्ट्र खात्याचे 'मदद' नावाचे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, हेही टिपून ठेवावे.

आणि ठरवून ठेवावे: पहिल्या वाटेने फोन लागला नाही तर दुसऱ्या अ‍ॅपने, तेही नाही तर साधा आयएसडी, निदान एक मिनिट. ही ती दुसरी वाट.

आयाबहिणींनो, फोन स्वतः लावा

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या मते या सगळ्यात हाच मुद्दा सर्वांत मोठा आहे.

शेजारच्या पोराने लावून दिलेल्या फोनवर आई काय बोलेल? पोर तिथेच उभे असते. 'बरी आहे रे बाळा, तू जेवलास का?' एवढेच. गुडघ्याचे दुखणे, सावकाराचा तगादा, धाकट्याचे दारूचे वळण, यातले काहीच तोंडातून निघत नाही. सुनेचेही तेच. पोटात काय सलते, ते दिरासासऱ्यांच्या देखत सांगता येत नाही. तिकडे मुलालाही कळते की फोन सर्वांपुढे चालू आहे. मग पगार तीन महिने मिळाला नाही, मुकादम पासपोर्ट देत नाही, हे तोही गिळतो. दोन्हीकडे सगळे 'बरे' आणि आत मात्र पोखरलेले. ज्या दिवशी आईला स्वतः फोन लावता येतो, त्या दिवशी हे बोलणे मोकळे होते. बोलणे मोकळे झाले की संकट वेळेवर कळते.

पैशाचेही तसेच आहे. पाठवलेले पैसे किती, कुणाच्या हाती आले, कशाला लागले, हे पाठवणाऱ्याला घरातल्या बाईच्या तोंडून ऐकता आले पाहिजे. मधल्या माणसाच्या तोंडून आलेला हिशेब आणि खरा हिशेब यांत अंतर पडले, की भावाभावांत वितुष्ट येते. अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

'मला वाचता येत नाही, मला कसे जमेल?' असे म्हणू नका. वाचता न येणाऱ्या बाईलाही चेहरा ओळखता येतो. मुलाच्या नावापुढे त्याचा फोटो ठेवा. फोनच्या पहिल्या पानावर त्याचा एकच फोटो असा ठेवता येतो, की त्यावर बोट ठेवले की फोन लागलाच. हिरवे बटण म्हणजे घ्या, लाल म्हणजे ठेवा. फोनचे चित्र म्हणजे नुसता आवाज, कॅमेऱ्याचे चित्र म्हणजे चेहरा. एवढे चार धडे. लिहिता येत नसेल तर माइकचे चित्र दाबून धरा, बोला आणि सोडा. तुमचा आवाज निरोप होऊन जातो, आणि तो कामावरून आला की ऐकतो. फोनची भाषा मराठी करून घेता येते, तीही करून घ्या.

शिकवणाऱ्या मुलामुलींनाही एक सांगणे आहे. 'आण इकडे, मी लावतो' असे म्हणून आजीच्या हातातून फोन ओढू नका. तिच्याच बोटाने लावू द्या. चुकेल, पुन्हा लावू द्या. ज्या बाईने चुलीवर अंदाजाने दहा माणसांचा स्वयंपाक उतरवला, तिला चार बटणे शिकायला एक दुपार पुरते. कमी पडतो तो आपला धीर.

स्वस्ताईच्या आडून येणारे चोर

फोन स्वस्त झाला तसा चोरांनाही स्वस्त झाला. तेव्हा सावध असावे, पण घाबरू नये.

अनोळखी परदेशी नंबरावरून एकदाच घंटी वाजून बंद झाली तर उलट फोन लावू नका. काही नंबर मुद्दाम महाग दराचे ठेवलेले असतात आणि तुमचे पैसे त्या टोळीला जातात. आपल्या माणसाच्या देशाचा क्रमांक तोंडपाठ असावा तो याचसाठी.

'आई, माझा फोन हरवला, हा नवा नंबर, ताबडतोब पैसे पाठव' असा निरोप आला, आवाजही त्याच्यासारखा वाटला, तरी पैसे पाठवू नका. आवाजाची नक्कल आता यंत्रे करू शकतात. फोन ठेवा आणि जुन्या नंबरावर किंवा वहीतल्या सोबत्याच्या नंबरावर लावा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. जो बाहेरच्या कुणाला माहीत नाही, असा. तो सांगता आला तरच खरा. पोलिसाच्या वेशात व्हिडिओवर येऊन 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असे कुणी म्हणाले, तर समजा की तो चोरच आहे. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर त्याच घटकेला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

एक गोष्ट आपल्या तरुण मुलांसाठी. कुणी येऊन म्हणते, 'तुझ्या खोलीत एक पेटी ठेवू दे, तिच्यात बरीच सिम असतात, महिन्याला भाडे देतो.' ही पेटी परदेशातून नेटवर आलेले फोन इथल्या मोबाइल नंबरावरून आल्यासारखे दाखवते. तिच्यातून चोरांचे फोन जातात आणि पोलिसांना सापडते ती तुमची खोली. विनापरवाना अशी दूरसंचार सेवा चालवणाऱ्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. बेकार मुलाला महिन्याचे भाडे मोठे वाटते, पण त्यापायी सारा जन्म नासतो. आपल्या नावावरचे सिमही कुणाला वापरायला देऊ नका. परदेशातून फोन असूनही इथला नंबर दिसला, तर सरकारच्या 'संचार साथी'वर त्याची तक्रार करता येते.

येत्या रविवारचे काम

वाचकहो, एवढे सगळे एका दिवसात करा असे आम्ही म्हणत नाही. येत्या रविवारी एकच करा. घरातली जी व्यक्ती आजवर स्वतः फोन लावत नाही, तिला जवळ बसवा. आई असो, आजी असो, भावजय असो. तिच्या बोटाने एक फोन लागू द्या. दुपारी, तिकडची वेळ पाहून. फोन लागला की आपण उठून बाहेर जा आणि तिला एकटीला बोलू द्या.

वस्तीतल्या मंडळांनी, महिला बचत गटांनी हे काम हाती घेतले तर फारच चांगले. शिकलेली दोन मुले, चार खुर्च्या आणि रविवारची एक दुपार, एवढ्यावर भागते. त्यासाठी वर्गणीही लागत नाही. जिथे हे सुरू होईल, तिथल्या भगिनींनी आम्हाला जरूर कळवावे. पत्र लिहून कळवले तरी चालेल!